अक्कांचं मागलं अंगण

लग्न होऊन मी धुळ्याला आले तेव्हा त्या घरात सासू नव्हती. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर चालवत होत्या माझ्या थोरल्या नणंद. सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. बाकी घरात माझे सासरे नाना, आमचे हे, आणि कॉलेजात शिकणारे धाकटे दीर. घर अरुंद आणि लांबट, वर पत्रे. पुढच्या दारातून शिरलं की बैठक, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर आणि त्याच्या मागे थेट संडासाच्या भिंतीपर्यंत गेलेलं मोकळं अंगण. त्यात एक आड, एक कपडे धुण्याचा दगड आणि विटांचे तुकडे, राख, फुटकी मडकी यांचा वर्षानुवर्षांचा ढीग.

पूजा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी मला चुलीपुढे बसवलं. डबे एकेक करून दाखवले.

"हे कळण्याचं पीठ, ज्वारी-उडदाचं. हा मसाला. नानांना भाकरी जरा कडक लागते. आता तू बघ."

मी घाबरले. माहेरी चाळीसगावला मी मॅट्रिकचा अभ्यास केला होता, स्वयंपाक आईनं केला होता. "अक्का, तुम्ही बरोबर राहा ना," म्हटलं, "मला एवढ्या माणसांचा अंदाज नाही यायचा."

"येतो अंदाज. सून आली की चूल सुनेची," त्या म्हणाल्या, आणि मागचं दार उघडून अंगणात गेल्या. मला वाटलं, पाणी आणायला गेल्या असतील. जेवायची वेळ झाली तरी आल्या नाहीत म्हणून बघायला गेले, तर पदर खोचून त्या विटांचे तुकडे टोपलीत भरत होत्या.

त्यांची हकिकत मला हळूहळू कळली. साक्रीच्या पुढे डोंगराच्या बाजूला एका गावी त्यांना दिलं होतं. मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरी बायको केली. पुढे माझ्या सासूबाई आजारी पडल्या तेव्हा अक्का त्यांचं करायला म्हणून धुळ्याला आल्या. सासूबाई गेल्या, आणि सासरहून अक्कांना न्यायला कोणी आलं नाही. त्यांनी कधी कुंकू सोडलं नाही, गळ्यातलं काढलं नाही. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला त्यांना बोलावत, पण नवऱ्याचा विषय त्यांच्यापुढे कोणी काढत नसे. इतकी वर्षं घरात स्वयंपाक त्या करत होत्या म्हणून त्या घरात का आहेत, हे कोणाला विचारावं लागलं नव्हतं. मी आले आणि तो स्वयंपाक माझ्याकडे आला. यात माझं काही चुकलं असं नाही. सगळ्या घरांत असंच होतं. पण आपण कोणाच्या जागेवर बसलो आहोत, हे मला भाकरी थापताना पहिले काही महिने सारखं वाटत राहायचं.

अंगण साफ करायला त्यांना सबंध उन्हाळा लागला. राडारोडा निघाला तरी खाली माती अशी नव्हतीच, नुसता मुरूम. मग त्या पांझरेच्या काठी जाऊन गाळ आणू लागल्या. डोक्यावर टोपली, खाली मान. नाना पहिल्या दिवशी म्हणाले, "हाई काय नवं काढं?" गल्लीत एकाकडे म्हशी होत्या, तिथून शेण मिळालं. पावसाळ्याच्या तोंडाला त्यांनी वाफे आखले आणि मेथी, कोथिंबीर, मुळे, भेंडी, मिरच्या, भरताची हिरवी वांगी असं सगळं लावलं. संडासाच्या पत्र्यावर गिलक्याचा वेल सोडला. अंगणाच्या मधे एक लिंबाचं रोप आणि भिंतीकडेनं तीन पपया.

पहिल्या वर्षी फार काही हाती आलं नाही. वांग्यांवर मावा पडला, त्यावर अक्का रोज सकाळी चुलीतली राख उधळत. भेंडी निबर झाली. पण गिलकी इतकी आली की खाऊन खाऊन धाकटे दीर ताटावरून उठायचे. शेजारी एक मारवाडी कुटुंब होतं, त्यांचं कापडाचं दुकान होतं. त्यांच्या शेठाणी काकूंकडे अक्का भिंतीवरून गिलकी, भेंडी द्यायच्या. जैन असल्यामुळे त्या मुळा कधी घेत नसत. "जमिनीतलं नाही ना बाई?" असं प्रत्येक वेळी विचारून मगच हात पुढे करायच्या, आणि बदल्यात ताकाचा तांब्या द्यायच्या.

दुसऱ्या वर्षी मात्र अंगण भरून गेलं. मी पहिल्या बाळंतपणाला चाळीसगावला गेले होते. मुलगी झाली. तिला घेऊन धुळ्याला परत आले तेव्हा थंडी संपत आली होती. अक्कांनी दोन वाफे नुसते शेपू आणि मेथीचे केले होते, माझ्यासाठी. मी दारात उभी, अंगावर शाल, आणि त्या म्हणाल्या, "आत ये आधी. मग दाखवते." मला मागं नेलं आणि बाळाला स्वतःकडे घेऊन वाफ्यांमधून फिरवलं. बाळाला सांगत होत्या, "ही मेथी. तुझ्या आईनं खाल्ली की तुला दूध." मी त्यांना हसताना पहिल्यांदा त्या दिवशी पाहिलं.

आमची मैत्री तिथून झाली. दुपारी बाळ झोपलं की मी मागच्या पायरीवर बसायचे आणि त्या खुरपं घेऊन बोलत राहायच्या. घरात न बोलणारी ती बाई अंगणात बोलायची. सासरच्या गावाबद्दल एकदाच बोलल्या. तिथं घरामागे त्यांनी वालाचे वेल लावले होते, पण सवत घरात आली त्या वर्षी शेंगा कोणी तोडायच्या यावरून भांडण झालं, आणि मग कोणीच तोडल्या नाहीत, वेलावरच वाळल्या.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. वाळल्या," त्या म्हणाल्या आणि पुढचं तण उपटलं.

पपया मोठ्या झाल्या आणि तिन्हीही नर निघाल्या. लांब देठांना फुलंच फुलं, फळ एकही नाही. ह्यांनी सांगितलं, "अक्का, तोडून टाक. उगाच पाणी पितात." अक्का म्हणाल्या, "कधी कधी फळं धरतात म्हणे. एक वर्ष बघू." त्यांनी एक वर्ष बघितलं. फळं धरली नाहीत. तरी झाडं तोडली नाहीत.

त्यानंतर दुष्काळ आला. आधीच्या वर्षीही पाऊस कमीच झाला होता, पण शहरात ते तेवढं जाणवलं नव्हतं. या वर्षी पावसाळ्याचे महिने कोरडे गेले तसा आडाचा पोहरा तळाला खडखडू लागला. रेशनवर लाल ज्वारी मिळू लागली. तिच्या भाकरी थापल्या की तुटायच्या. खेड्यांतली माणसं रस्त्याच्या, पाझर तलावाच्या कामांवर जाऊ लागली. नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागलं, तेही करंगळीएवढं.

नाना एक दिवस जेवताना म्हणाले, "आडनं पाणी आते फक्त पेवाले. झाडेस्ले नही."

अक्कांनी मान हलवली. त्या दिवसापासून त्यांनी सांडपाण्यावर बाग जगवायला घेतली. आंघोळीला सगळ्यांनी त्या धुण्याच्या दगडावर बसायचं, म्हणजे पाणी वाहत वाफ्यांकडे जाईल. तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी त्या माझ्याकडून मागून न्यायच्या. साबणाचं पाणी झाडांना चालत नाही म्हणून त्यांनी स्वतः साबण लावणं बंद केलं. शेठाणी काकूंच्या विहिरीला तेव्हा थोडं पाणी होतं. त्या रोज दोन बादल्या देत. पुढे काकू भिंतीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, आता आमच्याकडेच पुरत नाही. राग धरू नको."

"राग कसला, काकू," अक्का म्हणाल्या. "तुम्ही इतके दिवस दिलंत."

मग काय मरू द्यायचं, ते त्यांना ठरवावं लागलं. मेथी-कोथिंबीर आधी सोडली. मग भेंडी. मिरच्यांची पानं गळाली, बोटाएवढ्या मिरच्या झाडावरच लाल झाल्या, त्या मी काढून घेतल्या. वांग्यांपाशी त्या थांबल्या. सकाळ-संध्याकाळ झाडांपाशी बसून राहायच्या, हात लावायच्या नाहीत. शेवटी एका संध्याकाळी उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "वहिनी, उद्यापासून वांग्यांना नाही. लिंबालाच." काळ्या गाळाला भेगा पडल्या होत्या, त्यांत बाळाचा हात जाईल एवढ्या. मी मुलीला अंगणात सोडेनाशी झाले.

पपयांना पाणी द्यायचं तर त्यांनी आधीच थांबवलं होतं. ती झाडं वाळली, खोड मऊ पडलं आणि वाऱ्यानं एक-एक कलली. अक्कांनी ती ओढून भिंतीशी लावली. लिंबू जगलं. पानं पिवळी, काटे तेवढे हिरवे, पण जगलं. पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला आणि त्याला फुटवे फुटले. अक्कांनी पुन्हा वाफे केले. मला वाटलं, आता परत सगळं होईल. अक्कांनाही वाटलं असणार, कारण त्या वर्षी त्या पेरू लावायचं म्हणत होत्या.

त्याच वर्षी धाकट्या दिरांना सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि मुली सांगून येऊ लागल्या. घरात तीन खोल्या. मधल्या खोलीत आम्ही, बैठकीत नाना आणि दीर, स्वयंपाकघरात अक्का. नव्या जोडप्याला कुठं ठेवायचं, याचं उत्तर घराच्या मागेच होतं. कोणी वाईट हेतूनं काही केलं नाही, हे मला सांगायलाच हवं. नाना आणि हे बैठकीत बसून बोलले, मी चहा घेऊन गेले तेव्हा सुतळीनं मापं घेण्याचं चाललं होतं. रात्री मी ह्यांना विचारलं, "लिंबू तरी राहणार नाही का?"

"मधोमध येतंय ते. खोलीच्या मधोमध झाड ठेवायचं का?"

"थोडी अलीकडे घेतली खोली तर?"

"मग ती खोली होते का?" हे म्हणाले. मग म्हणाले, "अक्काला मी सांगू का तू सांगतेस?"

कोणीच सांगितलं नाही. सकाळी गवंडी आला आणि त्यानं चुन्याची रेघ मारायला सुरुवात केली. अक्का पाण्याची बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी रेघ शेवटपर्यंत जाऊ दिली. मग गवंड्याला विचारलं, "पाया कधी खोदशील?"

"सोमवारी, अक्का."

"बरं."

त्यांनी सगळी भाजी स्वतः काढली. कोवळी वांगी, अर्धवट भेंड्या, मेथी मुळासकट. गल्लीत घराघरांत जाऊन दिली. मुळे शेठाणी काकूंना सोडून बाकीच्यांना वाटले. लिंबू मात्र त्यांना मरू द्यायचं नव्हतं. काकूंच्या अंगणात एका कोपऱ्यात जागा होती. काकू हो म्हणाल्या. अक्कांनी झाडाभोवती खोल खणून, मुळांना माती तशीच ठेवून, ओल्या गोणपाटात बांधून ते वर काढलं. हे आणि दीर दोघांनी ते भिंतीवरून पलीकडे दिलं. दीर म्हणाले, "अक्का, जगेल बघ. तुझ्या हातचं आहे."

ते जगलं नाही. पहिले काही दिवस हिरवं राहिलं, मग पानं आतल्या बाजूला वळली. अक्का रोज भिंतीवरून बघायच्या. एक दिवस बघायचं थांबल्या. पुढे काकूंनी ते तोडून त्या जागी तुळस लावली.

खोली झाली. जावबाई आल्या. चांगल्या स्वभावाच्या, हसऱ्या. मागच्या अंगणात आड, दगड आणि कपडे वाळत घालायची दोरी एवढं उरलं. स्वयंपाकघरात आम्ही दोघी जावा, बैठकीत नाना. अक्का कुठं बसतात, हे दिवसा मला नेमकं कळायचं नाही. कधी पुढच्या ओट्यावर, कधी काकूंकडे. हातांना काम नसलं की त्या दोन्ही तळवे मांडीवर उलटे ठेवून बसायच्या. मी गहू निवडायला दिले तर निवडायच्या आणि परत द्यायच्या. मी आणखी काम शोधायचे. घरात दोन सुना असताना तिसऱ्या बाईला काम शोधून देणं किती अवघड असतं, ते मला तेव्हा कळलं.

हिवाळ्यात त्यांच्या सासरहून धाकटा दीर आला. अक्कांच्या नवऱ्याला लकवा झाला होता, उजवं अंग गेलं होतं. सवतीला मुलं लहान, शेतात तीच एकटी राबत होती. आजाऱ्याला उठवायला, बसवायला, त्याचं सगळं करायला कोणी नव्हतं. "वहिनींना न्यायला आलो," तो म्हणाला. इतक्या वर्षांनी तो हे इतक्या साधेपणानं म्हणाला की जणू कालच त्यांना इथं सोडून गेला होता.

नाना अक्कांकडे न बघता म्हणाले, "जाय बेटा. तुनं घर ते शे."

मी स्वयंपाकघरात अक्कांचा हात धरला. "अक्का, नाही म्हणा. मी ह्यांना सांगते. तुम्ही जाऊ नका."

"नाही म्हणून बसू कुठं?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. खरोखर विचारत असल्यासारखं. मी इकडेतिकडे बघितलं. त्यांनी दोन लुगडी, एक वाटी, एक तांब्या एवढं पिशवीत भरलं. माझी मुलगी त्यांच्या मागे मागे स्टँडपर्यंत आली. साक्रीच्या गाडीत खिडकीपाशी त्यांना जागा मिळाली. गाडी सुटताना त्यांनी मुलीला एवढंच म्हटलं, "आईला त्रास देऊ नको."

पुढे नवरा दोन-अडीच वर्षं अंथरुणावर राहिला आणि गेला. दहाव्याला आम्ही दोघं गेलो. साक्रीला गाडी बदलून, पुढे फुफाट्यातून चालत. गाव म्हणजे उतारावरची थोडी घरं, भोवती खडकाळ शेतं, सगळी पावसावरची. अक्का दारात आल्या तेव्हा मी त्यांना आधी ओळखलंच नाही. कपाळ मोकळं, गाल आत गेलेले, हातांची कातडी भेगाळलेली. दुसऱ्यांच्या शेतात त्या निंदणीला जात होत्या. रात्री नवऱ्याचं करायचं, दिवसा मजुरी. सवत वाईट नव्हती. तीही तशीच वाळलेली होती. दोघी एका ताटात जेवल्या.

घराच्या बाजूला थोडी जागा होती. तिथं शेळ्या बांधल्या होत्या. मी विचारलं, "इथं काही लावलं नाही का, अक्का?"

"लावलं होतं. शेळ्यांनी खाल्लं."

"कुंपण केलं असतं."

"केलं होतं. सरपणाला गेलं."

विधी उरकल्यावर हे म्हणाले, "अक्का, आता चल. इथं काय आहे तुझं?" मला त्यांचा अभिमान वाटला. वाटेत येतानाच आम्ही ठरवलं होतं, की बैठकीला एक पडदा लावायचा आणि अक्कांची जागा करायची.

अक्कांनी भावाकडे बघितलं. "नाना काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

ह्यांनी नानांना विचारलं नव्हतं. "नाना काय म्हणणार? ते काही म्हणायचे नाहीत."

"हं," अक्का म्हणाल्या. "मग राहू दे. इथं निंदणीचं काम तरी मिळतं."

मी रडले. त्या रडल्या नाहीत. निघताना त्यांनी मला पाणी दिलं, गढूळ, पण थंड. दुपारच्या गाडीनं आम्ही परत निघालो. साक्रीला आम्ही गाडी बदलली. मग हे म्हणाले, "मी आधी नानांना विचारायला हवं होतं." मला वाटतं, विचारलं असतं तरी त्या आल्या नसत्या. पण मी ते ह्यांना म्हटलं नाही.

अक्का गेल्याचं आम्हाला त्या भागातल्या एका नातेवाइकानं सांगितलं. तो बाजाराला धुळ्याला आला होता, घाईत होता, दारातूनच बोलला. पावसाळ्यात ताप आला, दोन-चार दिवस अंगावर काढला, दवाखान्यात न्यावं तर नदीला पाणी होतं. अग्नी देऊनही आठवडा होऊन गेला होता. त्याला आत बोलावलं, पण त्याला पेंड घ्यायची होती, तो गेला. नाना खुर्चीवर बसले होते. त्यांनी ऐकलं. मग आडावर जाऊन अंगावर पाणी घेतलं, कोरडे कपडे घातले आणि पुन्हा खुर्चीवर येऊन बसले. लग्न झालेल्या लेकीचं जेवढं पाळायचं तेवढं आम्ही पाळलं. जावबाईंनी विचारलं, "आज भाजी काय करायची?" मी म्हटलं, "काही नको. नुसतं वरण लाव." तेवढं आम्ही जेवलो.